घासलेला मासा

"थुंकतो यावर, मॅलकी. नशीब तुझ्याकडं राहू दे."

आयर्लंडातल्या बॅलिनास्लोच्या घोडेबाजारात ऐकलेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. घोडी विकणाऱ्यानं सौदा पटल्यावर माझ्यावर थुंकी टाकली आणि घोडी घेणाऱ्या मॅलकीच्या तळहातावर मला दाबलं. आमच्याकडची रीतच तशी. विकणारा शकुनाचं एक नाणं परत देतो, आणि ते नाणं कधी मोडायचं नसतं.

मित्रांनो, मी एक जुना फ्लॉरिन आहे. दोन शिलिंगांचा, चांदीचा. एका अंगाला वीणा, दुसऱ्या अंगाला सामन मासा. दुसऱ्या महायुद्धातल्या एका साली माझा जन्म झाला. त्या सालची माझी भावंडं बहुतेक परत भट्टीत गेली, वितळली. मी शकुनाचा म्हणून वाचलो.

मॅलकीनं मला फडताळातल्या निळ्या कपात ठेवलं. घोडी म्हातारी झाली, मेली. मॅलकीची बायको गेली. मुलगा फर्सी इंग्लंडला विटा वाहायला गेला. घरात उरले मॅलकी, त्याची लेक डिम्पना, चुलीतल्या पीटच्या वाळक्या ढेकळांचा धूर आणि मी.

मग मॅलकीनं अंथरूण धरलं. तेव्हापासून दर शनिवारी डिम्पना मला राख आणि व्हिनेगर लावून घासू लागली. घासून मला बापाच्या हातात द्यायची. मला वाटायचं, काय माझे लाड! खवला खवला झिजत होता, आणि मी आपला चमकत होतो.

मॅलकी गेला. फर्सी मातीला आला तो परत गेलाच नाही. थडग्यावर लाकडी क्रूस लावला. दगड परवडणारा नव्हता. पुढं गावात कुणीतरी त्याला सांगितलं, त्या सालचा सामन मिळाला तर शौकीन लोक हजारांनी मोजतात. फर्सी पन्नास वेळा सांगत सुटला, बाबांना आता दगड मिळणार, काळा, घोडी कोरलेला. डिम्पना ऐकून घ्यायची आणि बटाटे सोलत राहायची.

दोघं बहीणभाऊ मला घेऊन गॉलवे शहरात गेले. तिथल्या नाण्यांच्या दुकानदारानं मला भिंगाखाली धरलं.

"साल खरं आहे, काका. पण याला कुणीतरी घासलंय. कातडीच गेली याची. काळाकुट्ट राहिला असता, तर दगड काय, तुम्ही देवदूताच्या पुतळ्यासकट थडगं घेऊन गेला असता. आता चांदीच्या भावानं घेतो."

फर्सीनं मला परत खिशात टाकलं. बसमध्ये तो एकदाच बोलला, "म्हाताऱ्याचा हा नखरा. अंथरुणात पडून नाणं चमकवत बसला. झोप म्हणावं आता लाकडाखालीच." शेजारी बसलेली डिम्पना खिडकीबाहेर बघत राहिली.

नदीतला मासा गळानं मरतो, मित्रांनो. मी मेलो मायेच्या हातानं. जुन्या वस्तूवरचा काळेपणा मळ नसतो, ते तिचं वय असतं. ते पुसू नका. आणि पुसलंच, तर कुणी पुसलं ते लपवू नका. माझी किंमत गेली त्याचं दुःख नाही. मेलेल्या माणसावर खोटा आळ राहिला, आणि मला तोंड नव्हतं.

उन्हाळ्यातला थडग्यांचा रविवार आला. पाद्री येतो, सगळं गाव आपापली थडगी साफ करून उभं राहतं. दोन वर्षं फर्सी गेला नव्हता. यंदाही बूट न घालता चुलीशी बसून राहिला. डिम्पना अंगात कोट घालून दारापर्यंत गेली. मग मागं फिरली, कपातून मला काढलं आणि त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं.

"बाबांनी नाही रे घासला. मी घासायचे."

फर्सीनं मान वर केली.

"त्यांचे डोळे गेले होते, फर्सी. तुला कळवू नको म्हणाले, काम टाकून येशील म्हणून. घासून खिडकीशी धरला की एवढा चकाकता मासा दिसायचा त्यांना. बाकी काही नाही. एवढाच."