पाच मिनिटं पुढे

"वहिनी, आपलं घड्याळ किती पुढे आहे?"

भर दुपारी धाकटा दारात उभा. पायात बूट तसेच आणि हातात जेवणाचा डबा. डबा भरलेला, तो कसा धरलाय त्यावरूनच कळलं मला. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस साडेसहाच्या आत कधी घरी आला नव्हता.

"पाच मिनिटं," मी म्हटलं. "तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून पाच. आज काय नवीन सुचलं?"

"काही नाही," म्हणाला आणि बूट न काढता खुर्चीत बसला. तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

हा माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता, स्वतःचं नाक पुसायची अक्कल नव्हती. घरात सासू नव्हती, म्हणून वाढवला मीच. रोज शाळेला उशीर आणि रोज हातावर छडी. मी स्वतः शाळेची पायरी फारशी चढले नाही, पण काटा कुठे सरकवायचा एवढं कळत होतं. एके दिवशी स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं. चोरून नाही, त्याच्या डोळ्यांदेखत. गंमत अशी की घड्याळ खोटं बोलतंय हे माहीत असूनही पोरगा धावायचा. पुन्हा त्याने छडी खाल्ली नाही.

पुढे तो फुटबॉल लीगच्या कचेरीत आवक कारकून झाला. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख, तास, मिनिट लिहायचं आणि खाली सही करायची, एवढंच काम. कचेरीत त्याला सगळे मिनिटराव म्हणतात. लग्न केलं नाही. एक स्थळ आणलं होतं मी, तर ती मंडळी वीस मिनिटं उशिरा आली आणि ह्याचं मन उडालं. फुटबॉलच्या कचेरीत जन्म काढला, पण मैदानात पाऊल टाकलं नाही.

मैदान आमच्या ह्यांचं. सदतीस वर्षं ह्यांनी तिथे पांढऱ्या रेषा मारल्या, दोरी ताणून, गुडघ्यांवर बसून. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं आणि वाचाही अर्धी गेली. तेव्हापासून खाट खिडकीपाशी आणि टीव्ही खाटेसमोर. आठवडाभर छताकडे बघत पडतात. रविवारी चार वाजता फुकटच्या वाहिनीवर सामना लागला की माणूस जिवंत होतो. गोल कोणी केला ह्याच्याशी देणंघेणं नाही. "कोपरा वाकडा," असं अर्ध्या तोंडाने म्हणतात आणि आता रेषा मारणाऱ्याला एक शिवी हासडतात. ती शिवी ऐकली की माझा आठवडा निघतो.

"आज पाकिटं होती ना?" मी विचारलं.

धाकट्याने मान हलवली.

दर तीन वर्षांनी ही पाकिटं असतात. कोणता सामना कोणत्या वाहिनीने दाखवायचा ते तिथे ठरतं. लीगवाले सामन्यांचे गठ्ठे बांधतात: शनिवारचा वेगळा, रात्रीचा वेगळा, अंतिम फेरीचा वेगळा. ज्याला जो गठ्ठा हवा त्याने आपला आकडा कागदावर लिहून, पाकीट लाखेने बंद करून पेटीत टाकायचं. कोणाला कोणाचा आकडा माहीत नसतो. बाराच्या ठोक्याला पेटीला कुलूप, मग सगळ्यांसमोर उघडायची. एक गठ्ठा मात्र गरिबांसाठी ठेवलेला, रविवार दुपारचा. फुकटच्या वाहिनीने वेळेत मागितला आणि ठरलेल्या रकमेच्या खाली गेली नाही, तर तो तिलाच. वेळेत नाही मागितला, तर जास्त देईल त्याला, म्हणजे घरोघरी डबा बसवून महिन्याला पैसे घेणाऱ्या पैसेवाल्या वाहिनीला. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. एकोणतीस वर्षं जेवताना ऐकलंय.

"मग?"

"फुकटवाल्यांचा माणूस धावत आला. दरवेळी शेवटीच येतो, त्यांच्याकडे एका कागदावर सात सह्या लागतात. आला, पाकीट ठेवलं. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दोन मिनिटं."

"बरं."

"तो म्हणाला, माझ्या घड्याळात अजून तीन मिनिटं आहेत. साहेब माझ्याकडे बघायला लागले. पैसेवाल्या वाहिनीचे चौघे बसले होते, तेही बघायला लागले. साहेब म्हणाले, मिनिटराव, किती वाजले?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "आणि कचेरीतलं घड्याळ..."

"पाच मिनिटं पुढे असतं," तो म्हणाला. "मीच ठेवतो. नोकरीला लागलो त्या वर्षापासून. सगळे वेळेवर यायला लागले होते, वहिनी."

"अरे मग बोलायचं ना तसं! जीभ काय भाड्याने दिली होतीस?"

"अटींच्या कागदात लिहिलंय, आवक खोलीतल्या घड्याळाची वेळ शेवटची. ती ओळ मीच घालायला लावली होती."

"ओळ गेली खड्ड्यात! तुझा सख्खा भाऊ तिथे पडलाय, त्याला रविवारशिवाय दुसरं काय आहे? आता पुढची पाकिटं तीन वर्षांनी. डॉक्टरांनी तरी तीन वर्षं सांगितलीत का?"

त्याने डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाला, "मागच्या खेपेला एका छोट्या वाहिनीचा माणूस एक मिनिट उशिरा आला होता. पहिल्यांदाच आला होता बिचारा. हातापाया पडला. मी पाकीट परत दिलं. घड्याळ हेच होतं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आज घरची गरज आहे म्हणून उघडू?"

मी फडकं उचललं आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. तो खोटं बोलत नव्हता. आणि पहिल्यांदा काटा सरकवणारा हात कोणाचा, ते मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. पण त्याने ते तोंडाबाहेर काढलं नाही. मीही नाही.

"काय... लिहिलंस?" खाटेवरून आवाज आला. आम्ही समजत होतो, हे झोपलेत.

"बारा दोन, दादा."

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग मान खिडकीकडे वळवली. डाव्या हाताने चादरीची कड सरळ करत राहिले, पुन्हा पुन्हा.

रविवारचा गठ्ठा पैसेवाल्यांना गेला. पुढच्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "पैसेवाल्यांचा डबा बसवून घेऊ. मी बोललोय त्यांच्या माणसाशी."

"माझ्या घरात नाही बसणार," मी म्हटलं. "ज्या मैदानावर ह्यांचे गुडघे झिजले ते मैदान ह्यांना विकत दाखवणार ते? आणि तू चूक केली नाहीस म्हणतोस, मग भरपाई कसली?"

त्याने डब्याचा नाद सोडला. माझ्यापुढे सगळेच सोडतात. ह्यांना काय वाटतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे मागाहून कळलं, पण तोवर बोलून बसले होते, आणि बोललेलं गिळायची मला सवय नाही.

नवीन मोसम लागला. पहिल्या रविवारी चार वाजता मी टीव्हीवर कापड टाकलं. धाकटा जेवून कुठेतरी गेला होता. परतला तेव्हा सात वाजत आले होते. बुटांना गवत लागलेलं. ह्यांच्या खाटेशी खुर्ची ओढली, खिशातून वही काढली, चष्मा लावला.

"पहिलं मिनिट," तो म्हणाला. "निळ्यांनी सुरुवात केली. चेंडू डावीकडे. तिसरं मिनिट, चेंडू रेषेबाहेर."

कागद वाचावा तसं वाचत होता. ना चढ, ना उतार. गोल झाला तोही आवक केल्यासारखा. हे डोळे मिटून पडले होते. वीस मिनिटं झाली आणि डोळे उघडले.

"कोपरा?"

धाकटा अडखळला. वही चाळली. "कोपरा बघितला नाही, दादा."

पुढच्या रविवारी बघून आला. "उत्तरेचा कोपरा वाकडा," म्हणाला. "वीतभर."

ह्यांनी शिवी हासडली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती मी पुसली.

तेव्हापासून दर रविवारी हे असंच चालतं. नव्वद मिनिटांचा सामना धाकटा नव्वद मिनिटं सांगतो, एक मिनिट कमी करत नाही. पंचेचाळीस झाली की वही मिटतो आणि हाताची घडी घालून बसतो. पहिल्या खेपेला मी म्हटलं, "थांबलास का? घसा बसला?"

"मध्यंतर आहे, वहिनी."

मी चहा टाकते. मग आम्ही तिघं कापड टाकलेल्या टीव्हीसमोर बसून राहतो. स्टुलावर चढायचं माझं वय राहिलं नाही, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ आहे तसंच आहे, पाच मिनिटं पुढे. पण पंधरा मिनिटं त्यातही पंधराच होतात. ती झाली की धाकटा चष्मा पुसतो.

"सेहेचाळिसावं मिनिट," तो म्हणतो.