ठणठणीत गुडघ्याची पट्टी

गळ्याशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! भानुदास अमेरिकेत एका बास्केटबॉल टीमचा डॉक्टर होता. टीम सारखी हरायची आणि मालकाला तेच हवं होतं, कारण तळाच्या टीमला पुढच्या वर्षी नवा भारी खेळाडू आधी निवडता यायचा. पण ढगाला डोकं लागेल एवढा उंच, नवखा डॅरिल मॅच जिंकून द्यायला लागला.

“याचा गुडघा दुखतोय म्हणून सांगा,” मालकाने फर्मावलं. भानुदासचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं, तेही मालकाच्याच सहीवर.

“डॉक, कुठे दुखतोय? आज माझी आई पहिल्यांदाच बघायला आलीय!” डॅरिल रडकुंडीला आला.

भानुदासने मान खाली घालून पट्टी बांधली. डॅरिल बाकावरच बसला, टीम हरली. जाताना त्याने भानुदासला मिठी मारली.

बरं बाई, अशी बघू नकोस, मिठी तेवढी माझ्या पदरची.