वळणावरची निरगुडी

श्रीपत रस्त्याचा मैलकुली होता. वरंध घाटाच्या खालच्या अंगाचा तीन मैलांचा रस्ता त्याच्या ताब्यात. खड्डे भरायचे, गटारं मोकळी ठेवायची आणि पाऊस ओसरला की रस्त्यावर झुकलेली झाडंझुडपं छाटायची. हे शेवटचं काम त्याला सगळ्यात जोखमीचं वाटे. दोन महिन्यांत घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या अशा माजत, की वळणावर समोरची गाडी अंगावर येईस्तोवर दिसत नसे. कडेची पायवाट झाकली जाई आणि माणसं डांबरावरून चालू लागत.

अठ्ठ्याहत्तर साली भादवा सरता सरता त्याने सगळी वळणं मोकळी केली. एक सोडून.

त्या वळणाखाली मंजुळाचं घर होतं. नवरा मुंबईला गिरणीत, घरात ही एकटी. घराची न्हाणी रस्त्याच्या कुशीतच, म्हणजे नुसते चार दगड मांडलेले. वरून जाणाऱ्या नजरेला आडोसा काय तो निरगुडीच्या दाट रांगेचा. श्रीपतने कोयता लावला तशी मंजुळा धावत वर आली.

"भावजी, एवढी राहू द्या."

"वळण हाय गो वयनी. गाडी दिसत नाय."

"ट्रकवाले गाडी हळू करून खाली बघतात. ही झाडं हायत म्हणून अंगावर पानी तरी घेता येतं. मी कुठं जाऊ?"

ती मान खाली घालून बोलत होती. श्रीपतने कोयता कमरेला लावला आणि संध्याकाळी मुकादमाला सांगितलं, "झाली सगळी वळणं."

तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. कुठेही काम करत असला तरी कान त्या वळणाकडे. हॉर्न वाजला की हातातलं घमेलं थांबे. येताजाता तो निरगुडीचे दोन-चार शेंडे खुडी आणि मनाची समजूत काढी, की आता जरा दिसतंय. पण रस्त्यात उभं राहून बघितलं की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नसे. जेवताना घास हातात धरून बसे. बायको आवडी विचारी, "काय झालंय तुमाला?" तो म्हणे, "काय नाय."

बाजाराच्या दिवशी आवडी पडवळं घेऊन महाडला गेली. परतताना फाट्यावर उतरून ती चालतच येई, त्याच वळणावरून. श्रीपत वरच्या टोकाला गटार उपसत होता. दुपार कलली होती. एवढ्यात टपालवाला सायकल दामटत आला आणि लांबूनच ओरडला, "श्रीपत, खाली वळणावर बाई पडलीय! ट्रकचा धक्का लागला!"

"कोन बाई?"

"तोंड नाही दिसलं, माणसं गोळा झाली होती. हिरवं लुगडं आहे."

आवडी सकाळी हिरवं लुगडं नेसून गेली होती.

फावडं तिथंच टाकून श्रीपत पळत सुटला. दीड मैलाचा उतार. वहाण तुटली, तीही त्याने सोडून दिली. डोक्यात एकच चाललं होतं, की मी छाटलं नाय, मी छाटलं नाय. 'झाली सगळी' म्हणालो तेव्हा मुकादमाने नुसती मान हलवली होती. त्याने एकदा येऊन बघितलं असतं तर! मग वाटलं, त्याने कशाला बघायचं? रस्ता माझा होता.

वळणावर दहा-बारा माणसं होती. ट्रकचा ड्रायव्हर दगडावर बसून येईल त्याला सांगत होता, "दिसलीच नाही हो, झाडीतून एकदम पुढ्यात आली." श्रीपत माणसं सारत आत घुसला. हिरव्या लुगड्यातली बाई विव्हळत होती. तिच्या भोवती लाकडं विखुरली होती.

ती चंद्राबाई होती. मोळ्या विकून पोट भरणारी, वाडीतलीच एकटी म्हातारी.

श्रीपतच्या छातीतून मोठा श्वास सुटला. बरं झालं, आपली नाय. आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. मंजुळाने पदर फाडून म्हातारीचा हात बांधला होता. तिने एकदाच श्रीपतकडे बघितलं. दोघांनाही माहीत होतं.

त्याच ट्रकातून चंद्राबाईला महाडच्या दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, दोन बरगड्यांना मार होता. जीव वाचला.

आवडी तासाभराने आली. फाट्यावर ओळखीच्या बाईशी बोलत बसली होती. श्रीपतने कमरेचा कोयता काढला आणि निरगुडीची रांग बुडापासून तोडली. मंजुळा खाली अंगणात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी श्रीपत आणि आवडीने डोंगरातून कारवीचे भारे आणले आणि न्हाणीभोवती पुरुषभर उंच कूड घातला. वर शेणमातीचा गिलावा दिला. काम अर्ध्या दिवसात उरकलं. गिलाव्यावरून हात फिरवत मंजुळा म्हणाली, "एवढंच होतं, भावजी. त्या दिवशी तुमालाबी सुचलं नाय, मलाबी नाय."

मुकादमाला श्रीपतने स्वतः जाऊन खरं सांगितलं. मुकादमाने शिव्या घातल्या आणि पुढे कुणाला कळवलं नाही. पण चंद्राबाईला तोंड दाखवणं त्याहून अवघड होतं. हात गळ्यात बांधून ती घरी आली, तेव्हा तो तिच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मावशी, ती झाडं मी राखली होती. माझ्यामुळं झालं."

म्हातारीने गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"मंग आता माझी लाकडं कोन तोडील?" ती चिडून म्हणाली. "तूच आन. आनि सुकी आन, वली नको. माझं गिऱ्हाईक वली घेत नाय."

"आनतो," श्रीपत म्हणाला, आणि तसाच रानाकडे वळला.