पताकांची आसनं

छप्पन साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं, आमचं सौंसर त्यात गेलं, तेव्हा आमच्या शाळेला हुकमावरून तिरंगी पताका लागल्या. अर्ध्या गावाचा जीव विदर्भात अडकलेला, पण हुकूम म्हणजे हुकूम. सोहळा आटोपला आणि त्या कापडी पताका कोपऱ्यात येऊन पडल्या. फुकट ते पौष्टिक म्हणत मी उचलल्या. विणकामाच्या तासाला सरकारचं सूत येत नव्हतं, आणि घरोघरची जुनी लुगडी बोहारणीनं भांड्यांवर कधीच नेलेली.

लाकडी चौकटीला खिळे ठोकले, सुतळीचे उभे धागे ताणले, पताका फाडून पट्ट्या केल्या. एक धागा सोडायचा, एक घ्यायचा. पोरींनी महिनाभरात बारा आसनं विणली. सगळ्यांत नेटकं नऊ वर्षांच्या जयवंताचं. केशरी, पांढरी, हिरवी पट्टी, अगदी ओळीनं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वीस वर्षं शिकवून डोळे थकतात, डोकं त्याआधी.

मग छिंदवाड्याहून तपासणीला साहेब आले. विणकामाचा तास राहणार की जाणार, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. तास गेला की मी जादा ठरणार आणि बदली थेट नर्मदेपलीकडे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

हेडमास्तर पुंडलिकरावांनी जयवंताचं आसन अंथरलं. साहेब बसायला वाकले आणि तसेच सरळ झाले.

"हे झेंड्याचे रंग," ते म्हणाले. "यावर बसायचं?"

"आम्ही तं रोज बसून राह्यलो याच्यावर," जयवंता मोठ्या अभिमानानं म्हणाली.

ही कल्पना कोणाची, असं साहेबांनी मलाच विचारलं. माझी, एवढंच म्हणायचं होतं.

"पोरींनी केलं," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं."

साहेबांनी जयवंताला सगळ्यांसमोर कान धरून उभं केलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेरा मात्र चांगला मिळाला. बाई कष्टाळू आहेत, तास चालू ठेवावा.

तास चालू आहे. आता आम्ही जुन्या बारदान्याची सुतळी उसवून आसनं विणतो, सगळी एकाच मातकट रंगाची. मला माझी लाज वाटते. जयवंता रुसली असती तर समजूत तरी घातली असती. ती रोज येते, आणि प्रत्येक धागा चौकटीत घालण्याआधी हातात धरून माझ्यासमोर उभी राहते.

"बाई, हा चालन का?"