डावे हात

खिडक्यांना सतरंज्या टांगून तातेराव सरांनी हॉलमध्ये अंधार केला आणि टीव्हीच्या पडद्यावर उषाबाईंचा मेलेला नवरा वर्गात शिरला.

रामकिसन गुरुजी खडू घेऊन फळ्याकडे वळले, तशा नवीन जालन्यातल्या त्या प्रशिक्षणाला आलेल्या सगळ्या शिक्षकांच्या माना उषाबाईंकडे वळल्या. कॅसेट तीन वर्षांपूर्वीची, वडीगोद्रीच्या रस्त्यावरचा अपघात त्यानंतरचा. उषाबाईंचं डी.एड. झालेलं होतं, म्हणून अनुकंपा तत्त्वावर त्या नवऱ्याच्याच शाळेत लागल्या. आज त्याचाच आदर्श पाठ दाखवणार आहेत, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. प्रशिक्षण म्हटलं की चहा-बिस्किटाची काळजी सगळ्यांना, माणसाची कोण करतो!

घरी लग्नातला एकच फोटो होता, त्यातही गुरुजींचे डोळे मिटलेले. इथे माणूस चालत होता, बोलत होता, चष्मा कपाळावर सरकवत होता. उषाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि डोळे भरून बघून घेतलं. पाठ कोणता होता तेही त्यांना कळलं नाही.

पाठ संपल्यावर काय दिसलं, असं सरांनी विचारलं. दिसले होते ते गुरुजीच. कुणी अक्षराची तारीफ केली, कुणी आवाजाची. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं चाललं होतं. सर वैतागले. मास्तराला मास्तरच दिसतो, म्हणाले, आता पोरांकडे बघा. त्यांनी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली.

उषाबाईंच्या जिवावर आलं. माणूस पुन्हा समोर यायचा आणि त्याच्याकडे बघायचं नाही! पण सांगितलेलं मोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी नजर पट्ट्यांवर बसलेल्या पोरांवर नेली. गुरुजींनी प्रश्न विचारला आणि सगळ्या वर्गाचे हात वर गेले.

तेव्हा त्यांना आठवलं. शूटिंग झालं त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर गुरुजींनी हसत हसत सांगितलं होतं, "पोरायला आधीच सांगून ठेवल्तं. येत आसंल त्यानं उजवा हात करायचा, येत न्हाई त्यानं डावा. सगळा वर्ग हुशार दिसतो. सायेब बिलकुल खुश."

तपासणीला कितीतरी गुरुजी असं करायचे. उषाबाईही तेव्हा भाकरी वाढता वाढता हसल्या होत्या. आज त्या पडद्यावर अर्ध्याहून जास्त हात डावे होते आणि गुरुजी उजवे हातच तेवढे निवडून उठवत होते.

"बाई, आता तुम्ही सांगा," तातेराव सरांचा आवाज मऊ झाला. "पोरायकडं बघून काय दिसलं? ही कॅसेट जिल्हाभर दाखवायचीय. तुम्हाला बी एक उतरवून देतो."

शेजारच्या चतुराबाईंनी उषाबाईंचा हात दाबला. खरं सांगितलं तर गुरुजींचं नाव जाणार होतं आणि ही कॅसेटही कुठल्यातरी कपाटात पडणार होती. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि जिवंतपणी त्यांनी शाळेसाठी हाडाची काडं केली होती, हेही खोटं नव्हतं.

"सगळ्यांचे हात वर होते, सर," उषाबाई म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. उषाबाईंना स्वतःची लाज वाटली. आपणही आत्ता डावाच हात वर केला, असं त्यांना वाटलं.

सर खुशीत आले आणि कॅसेट पुन्हा लावली. या वेळी कुणाकडेही बघा, म्हणाले. गुरुजी पुन्हा चालत आले, पुन्हा चष्मा कपाळावर गेला. उषाबाईंची नजर मात्र शेवटच्या ओळीतल्या एका परकरातल्या पोरीवर अडकली होती. उत्तर मिळालं, तिच्या पुढच्या पोरांनी हात खाली घेतले. तिचा डावा हात वरच होता. तिला कुणी खाली घे म्हटलं नव्हतं. गुरुजी पाठमोरे होऊन फळ्यावर सुंदर अक्षरात लिहीत होते. हाताला रग लागली, तशी पोरीनं तो कोपराशी उजव्या हातानं धरला आणि तसाच वर ठेवला.

कॅसेट संपली. सरांनी सतरंज्या काढल्या. नवऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं.