बांधापलीकडचं तण

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर शिवकांताच्या द्राक्षबागेला चांगली फूट आली होती. पण दिवाळीच्या तोंडावर पूर्वेकडच्या ओळींची नवी पानं आखडली. पंख्यासारखी दुमडलेली, शेंडे पिळवटलेले. नवरा गेल्यापासून बाग ती एकटीच सांभाळत होती. केवडा, भुरी, करपा, सगळे रोग तिनं निस्तरले होते. हे मात्र नवीन होतं. तिनं दोनदा औषध मारलं. पानं तशीच.

शेवटी शिरूर अनंतपाळचा औषध दुकानवाला यासेर बघायला आला. त्यानं एक शेंडा खुडला आणि बांधापलीकडच्या उसात नजर टाकली. तिथलं गाजरगवत करपून काळं पडलं होतं.

"काकू, हा रोग न्हाई. उसात तणनाशक मारलंय. उसाला काही होत न्हाई, पण वाऱ्यावर जरा इकडं आलं की द्राक्षाचं वाटोळं. त्यांना सांगा, दुसरं मारा म्हणावं."

"ते माझे व्याही हायेत," शिवकांता म्हणाली.

यासेरनं शेंडा खाली टाकला.

रानाला रान लागून आहे, लेक डोळ्यासमोर राहील, म्हणूनच तिनं सृष्टीला हणमंतरावांच्या घरी दिलं होतं. संध्याकाळी ती त्यांच्या ओट्यावर गेली. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "पाव्हणं, फवारताना तेवढं वारं बघितलं तर..."

हणमंतराव हसले. पण जावई शिवम उठून उभा राहिला. "आमच्या रानात काय मारायचं ते आता तुमाला इचारून मारायचं का?"

दाराआड सृष्टी उभी होती. तिनं आईकडं बघितलं नाही.

त्या दिवाळीला सृष्टी माहेरी आली नाही. घरात लई काम हाय, असा निरोप आला. शिवकांतानं केलेल्या करंज्या डब्यात मऊ पडल्या. पूर्वेच्या ओळींना घड धरलाच नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तिनं जुन्या साड्या जोडून बांधावर आडोसा उभा केला. दुसऱ्याच दिवशी सृष्टीचा फोन आला. आवाज दबका.

"आई, त्या साड्या सोड."

"अगं, वारं अडवायला बांधल्यात."

"मला कळतंय. पण मामंजी गावभर सांगून राहिलेत, इहीणबाईला आमचं तोंड बघवंना म्हणून पडदा लावलाय. आई, मला इथंच राहायचंय."

शिवकांतानं एकेक गाठ सोडली. पलीकडं उसाच्या सरीत गाजरगवत गुडघ्याला लागलं होतं. दोन-चार दिवसांत तणनाशकाचा पंप निघणार, हे तिला दिसत होतं. इकडं तिच्या वेली कोवळ्या पानांनी भरल्या होत्या. ती बांधावरच बसून राहिली. मग खुरपं घेतलं आणि व्याह्याच्या उसात शिरली.

दुपारपर्यंत बांधालगतच्या सऱ्या खुरपून निघाल्या. उसाच्या पात्यानं हातावर ओरखडे उठले, गाजरगवतानं मानेला खाज सुटली. सकाळी स्वतःच्या बागेत, दुपारी उसात, असं तिचं सुरू झालं. हणमंतरावांनी बघितलं तेव्हा ते खूश झाले.

"इहीणबाई, तुमी कशाला तरास घेता?"

"हात रिकामेच असतात, पाव्हणं."

त्यांनी पंप बाहेर काढला नाही. फुकटात रान निर्मळ होत होतं. पूर्वेच्या ओळींची पानं यंदा सरळ, रुंद निघाली. यासेर म्हणाला, "काकू, बाग वाचली." तिनं खुरपं उचललं.

एकदा सृष्टी भाकरी घेऊन सरीत आली. आईचे हात बघून तिथंच खाली बसली. "मी सांगते त्यांना खरं काय ते."

"काई सांगू नको. खरं कळलं की भांडण, अन् भांडणात तू."

"अन् हे किती वर्षं करणार तू?"

शिवकांतानं मागं वळून बघितलं. मोकळ्या केलेल्या सरीत पुन्हा गवताचे बारीक अंकूर दिसायला लागले होते.

तेवढ्यात बांधावरून हणमंतरावांची हाक आली. "इहीणबाई! तुमचा हात लई साफ हाय. हे झालं की वरच्या तुकड्यातबी शिरा, तिथं लई माजलंय. न्हाईतर पंपच काढावा लागंल."

सृष्टी उठायला लागली. शिवकांतानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"हाव पाव्हणं," ती तिथूनच ओरडली, "उद्या येते."