पिवळा दिवा

आमच्या गाडीत स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा आहे, इंजिनाच्या आकाराचा. तो लागला की आमचे हे कपाळाला हात लावायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कारण दिवा लागला की गाडी पाटोद्याला न्यावी लागे. पाटोद्यात माझ्या धाकट्या भावाचं, शहादेवचं, गॅरेज आहे आणि गॅरेजच्या मागच्या खोल्यांत माझी आई राहते.

तलवाड्याहून पाटोदा म्हणजे बीड ओलांडून पार पलीकडं. तिथं उगीच कशी जाणार? आमच्याकडं लेकीला माहेरी जायला कारण लागतं. सण पाहिजे, लग्न पाहिजे, नाहीतर कुणी आजारी तरी पाहिजे. बिनकारणाची लेक दारात दिसली की अख्खी गल्ली विचारते, "भांडून आली का?" गाडीच्या दिव्याला मात्र कुणी नाव ठेवत नाही. शहादेव बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि मी आईच्या मांडीवर.

एक दिवस हे बीडहून काळी पेटी घेऊन आले. आत एक मशीन आणि वायरींचा गुंता.

"हे काय आणलं?"

"स्कॅनर. मोठे गॅरेजवाले वापरतेत तसलं. गाडीला लावलं की दुखणं पडद्यावर. आता पाटोद्याची चक्कर बंद!"

माझ्या हाताला कणीक तशीच चिकटून राहिली. "आन् शहादेव?"

"त्यो एक रुपाया घेत न्हाई. जावयानं किती दिवस फुकटात काम करून घ्यायचं? लोकं हसतेत."

यांचा स्वाभिमान असा भलत्या वेळी जागा होतो. बरं, शेळी खंगली तर तिचा डोळा बघून हे दुखणं सांगतील, त्यात यांचा हात धरणारा गावात नाही. पण गाडीतलं यांना डिझेल कुठून टाकायचं तेवढंच ठाऊक.

मशीन आल्यावर पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा यांनी वायर जोडली, एक बटण दाबलं आणि दिवा गेला. झालं! अर्ध्या हळकुंडानं पिवळे. गावातल्या गाड्या दारात यायला लागल्या. हे दृष्ट काढावी तसे सगळ्यांचे दिवे घालवून देत. सरपंचांचा जुना ट्रॅक्टर आला, त्याला तर वायर खुपसायला जागाच सापडेना. चार दिवसांत सगळ्यांचे दिवे परत लागले आणि सगळी मंडळी परत दारात.

शहादेवचा फोन आला. "दाजी, मशीन चांगलंच हाय. पण दिवा नुसता पुसू नका. गाडी दुखणं सांगतीय, तिचं तोंड कशाला दाबता? आधी शिका, मग हात घाला."

मला वाटलं, आता हे कंटाळतील आणि पेटी माळ्यावर जाईल. पण खरं सांगते, हे शिकले! मोबाइलवर बघून बघून, शहादेवला विचारून, बिघडलेला सेन्सर यांनी स्वतः बदलला. गाडी अशी झाली की दिवा लागायचं नावच घेईना. सगळा गाव कौतुक करत होता आणि मी त्या गाडीला मनातल्या मनात शिव्या देत होते.

आई फोनवर विचारायची, "दिवा लागला का गं?"

"न्हाई गं आई."

"बरं झालं बाई," असं म्हणून ती फोन ठेवून द्यायची. मला ते 'बरं झालं' सोसायचं नाही.

एका दुपारी हे पेटी पुसत बसले होते. म्हणाले, "बघ, पोळ्यापासून एकदाबी पाटोद्याला जावं लागलं न्हाई."

"मला जायचं होतं!" मी ओरडलेच. "त्यो दिवा लागला तरच मला माझी आई दिसत होती. तुमी माझं माहेर बंद केलंत!"

यांनी हातातला फडका खाली टाकला. पेटी उचलली आणि गाडीत जाऊन बसले. मी म्हटलं, बायको रडतेय आणि यांना मशीन सुचतंय. खूप वेळानं हे उतरले, तोंड एवढंसं करून.

"यात दिवा घालवायचं बटण हाय. लावायचं कुठंच न्हाई."

मला हसू आलं आणि रडूही आलं. "मग?"

"मग काय, तशीच चल."

पाटोद्यात गाडी थांबली तसा शहादेव हात पुसत धावत आला. "काय झालं दाजी? दिवा लागला?"

"न्हाई."

"आवाज येतोय?"

"न्हाई."

त्यानं तरी वाकून गाडीखाली बघितलं. तेवढ्यात आई बाहेर आली. तिनं आधी मला निरखलं, मग यांना.

"भांडून आलीस का गं?"

"न्हाई."

"मग कोन आजारी हाय?"

"कुनीच न्हाई गं आई. उगीच आले."

"उगीच?" आई उंबऱ्यावर बसलीच. बराच वेळ तिनं पदर डोळ्यांवरून काढला नाही. मग एकदम चिडली.

"उगीच येता येत होतं, तर इतकी वरसं मी त्या मेल्या दिव्याची वाट कशाला बघत बसले?"